जुनी स्लेटची फायरप्लेस पुन्हा नीट करायची आहे? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इंग्लंड-वेल्समध्ये व्हिक्टोरियन टेरेस घर (ओळीने, भिंतीला भिंत लागून बांधलेलं) घेतलं की पुढच्या खोलीत बहुतेक वेळा एक फायरप्लेस मिळते, आणि तिच्यावर पांढऱ्या ग्लॉस पेंटचे इतके थर चढलेले असतात की खाली लाकूड आहे, लोखंड आहे की दगड हे घर विकणाऱ्यालाही सांगता येत नाही. पुष्कळदा तो वेल्सचा स्लेट असतो. आपली बरीच मंडळी आता अशा घरांत राहतायत आणि फोटो पाठवून तेच तेच प्रश्न विचारतात, म्हणून उत्तरं एका जागी लिहून ठेवतोय. एक कळकळीची विनंती आधीच करतो, स्ट्रिपरचा (पेंट काढणाऱ्या रसायनाचा) डबा उघडायच्या आधी तिसरा प्रश्न नक्की वाचा.

आमची फायरप्लेस स्लेटचीच आहे हे कसं ओळखायचं?

आधी लोहचुंबक लावा. चिकटला तर बिडाची, विषय संपला. नाही चिकटला तर हात ठेवून बघा, दगड गार लागतो, लाकूड लागत नाही. मग वरच्या लादीची मागची कड, जी भिंतीला टेकलेली असते, किंवा खांबाची आतली बाजू जिथे सहसा कुणी पेंट नीट मारलेला नसतो, तिथे टॉर्च मारून बघा. राखाडी, निळसर किंवा जांभळट रंग दिसला आणि कडेला बारीक पापुद्रे दिसले तर स्लेट. संगमरवर असेल तर टवका उडालेल्या जागी साखरेसारखे चमकणारे कण दिसतात, स्लेट तिथे मंद आणि एकसारखा दिसतो. आपल्याकडे पूर्वी शाळेत जी दगडी पाटी असायची तोच हा दगड, त्यामुळे ती पाटी ज्यांनी वापरली आहे त्यांना नखाने ओरखडल्यावर लगेच कळतं.

स्लेट तर राखाडी असतो, मग काही फायरप्लेसेस लाल-हिरव्या संगमरवरासारख्या का दिसतात?

हा सगळ्यात सुंदर भाग आहे. १८५० ते १९०० च्या दरम्यान मध्यमवर्गीय घरांना संगमरवर हवा असायचा पण परवडायचा नाही, आणि उत्तर वेल्समध्ये पेनरिन, डिनॉर्विकसारख्या खाणींतून स्लेट भरपूर निघत होता. स्लेटच्या पातळ, सपाट लाद्या निघतात, त्या कापायला सोप्या, आणि भट्टीत मंद आचेवर तापवल्या तरी टिकतात. मग कारखान्यात लादी घासून गुळगुळीत करायची, तिच्यावर रंग चढवायचा, भट्टीत भाजायची, वार्निश द्यायचं, परत भाजायची, आणि शेवटी प्युमिससारख्या बारीक पावडरने घासून आरशासारखी चमक आणायची. संगमरवराच्या शिरा कधी ब्रशने आणि पिसाने काढायचे, तर कधी पाण्याच्या टाकीवर रंग तरंगवून त्यात लादी बुडवायचे, म्हणजे रंग दगडावर आपोआप उतरायचा आणि प्रत्येक तुकड्याची नक्षी वेगळी व्हायची. लंडनच्या पिमलिकोमध्ये जॉर्ज यूजीन मॅग्नस नावाच्या माणसाचा कारखाना होता, १८५१ च्या हाइड पार्कातल्या ग्रेट एक्झिबिशनमध्ये त्याच्या एनॅमल्ड स्लेटच्या वस्तू मांडल्या होत्या, अगदी बिलियर्ड टेबलसुद्धा. एनॅमल म्हणतात खरं, पण हे स्वयंपाकघरातल्या एनॅमलच्या भांड्यासारखं काचेचं आवरण नाही, हा भाजलेला रंग आणि वार्निश आहे. हे लक्षात ठेवा, कारण पुढची सगळी उत्तरं यावरच उभी आहेत.

पांढऱ्या पेंटखाली काय आहे हे आधी कसं बघायचं?

हीच पायरी लोक गाळतात आणि नंतर हळहळतात. वरचा पांढरा थर काढणारं स्ट्रिपर खालची दीडशे वर्षांपूर्वीची हाताने काढलेली नक्षीही काढतं, त्याला दोन्ही सारखेच. आणि एकदा गेली की ती परत येत नाही.

तर सुरुवातीला फक्त छोट्या खिडक्या उघडायच्या, एक पोस्टाच्या तिकिटाएवढी. खांबाच्या आतल्या बाजूला एक, वरच्या पट्टीच्या मध्यावर एक, आणि जिथे वेगळा तुकडा बसवल्यासारखा वाटतो (गोल चकती, चौकोनी पॅनल, ब्रॅकेट) तिथे एक. चारी बाजूंनी मास्किंग टेप लावा, त्या चौकोनात सौम्य जेल स्ट्रिपर कापसाच्या काडीने लावा, पाच मिनिटं थांबा, लाकडी आइस्क्रीमच्या काडीने वरचा मऊ झालेला थर उचला, पुसा, बघा. परत लावा. थर एक-एक करून येतात, आधी अलीकडचा पांढरा, मग बहुतेक क्रीम, मग कधी कधी एक भयंकर चॉकलेटी, आणि त्याखाली एकदम गुळगुळीत, कडक, चमकणारा काळा. या काळ्याशी आलात की थांबा! स्ट्रिपर लगेच पुसून टाका आणि टॉर्च आडवी धरून बघा. कापसाच्या काडीवर काळा किंवा तांबडा रंग उतरायला लागला असेल तर तुम्ही मूळ थरात शिरलाय.

वरच्या पट्टीवर काळं आणि पॅनलवर लालसर शिरांचं असं पुष्कळदा असतं, म्हणून एकाच खिडकीवरून निर्णय घेऊ नका. तीनही ठिकाणी थेट राखाडी दगड लागला, मध्ये कडक चमकदार थर नाहीच, तर एनॅमल आधीच कुणीतरी काढलेलं आहे किंवा मुळात साधीच फायरप्लेस होती. मग तुम्ही मोकळे.

जुन्या पेंटमध्ये शिसं असतं म्हणतात, किती घाबरायचं?

घाबरायचं नाही पण गंभीरपणे घ्यायचं, विशेषतः घरात लहान मूल किंवा कुणी गरोदर असेल तर. १९६० च्या दशकाआधीच्या थरांमध्ये शिसं असणार असंच धरून चाला, ब्रिटनमध्ये सर्वसामान्य ग्राहकांना लेड पेंट विकणं तर १९९२ ला बंद झालं. टेस्ट किट दुकानात मिळतं. नियम साधा आहे, कोरडं घासायचं नाही, धूळ उडू द्यायची नाही. ओल्या पद्धतीने काम करा, खाली जाड प्लास्टिक अंथरा, पोरांना त्या खोलीत येऊ देऊ नका, कामाचे कपडे वेगळे धुवा, आणि जेवायच्या आधी हात साबणाने धुवा. खरवडलेला गाळ पिशवीत बंद करून ठेवा आणि तो कुठे द्यायचा हे काउन्सिलला विचारा, नेहमीच्या कचऱ्यात नको.

पेंट काढायला नक्की काय वापरू?

खाली मूळ नक्षी आहे की नाही यावर अवलंबून.

नक्षी असेल तर खरं उत्तर असं की हळूहळू, हाताने, एका वेळी तळहाताएवढा भाग. बेंझाइल अल्कोहोलवाली सौम्य जेल्स मिळतात ती वापरा, कमी वेळ ठेवा, प्लास्टिकची किंवा लाकडी पट्टी वापरा, धातूची पटाशी अजिबात नाही. बऱ्याचदा ग्लॉस पेंट आणि एनॅमल यांच्यात पकड कच्ची असते, कारण चकचकीत पृष्ठभाग न घासताच कुणीतरी पेंट मारलेला असतो, अशा वेळी एखादी कड उचलली की पेंटचे मोठे पोपडे कोरडेच निघतात, हे नशीब समजा आणि शक्य तेवढं तसंच काढा. संध्याकाळी एक पॅनल असं करत गेलात तर महिना लागेल, लागू दे.

नक्षी नसेल, नुसता दगड असेल, तर जाड लेप लावून वर कागद चिकटवायची जी पद्धत आहे ती चांगली, थर बरेच असले तरी एकदम निघतात. त्यात कॉस्टिकवाला (तीव्र अल्कलीचा) आणि बिनकॉस्टिकवाला असे दोन प्रकार येतात. कॉस्टिक जोरदार आहे पण नंतर नीट निष्प्रभ केला नाही तर दगडाच्या सांध्यांत क्षार राहतात आणि काही महिन्यांनी पांढरी पूड बाहेर येत राहते, म्हणून मी बिनकॉस्टिकवालाच सुचवतो. जुने लोक सांगतात तो झोंबणारा, पाच मिनिटांत पेंट फुगवणारा स्ट्रिपर (डायक्लोरोमिथेनवाला) आता साधारण २०११-१२ पासून घरगुती ग्राहकाला मिळत नाही, आणि बंद खोलीत त्याची वाफ जीवघेणी आहे, कुणाच्या गॅरेजमध्ये जुना डबा असला तरी आणू नका.

हीट गन किंवा सँडर चालेल?

नाही. हीट गनने शिशाची वाफ होऊ शकते, एनॅमल फुगतं आणि एकाच जागी तापल्यामुळे स्लेटला तडा जाऊ शकतो. सँडरने धूळ उडते आणि नक्षी क्षणात जाते.

पेंट नाहीये, मूळ एनॅमल आहे पण काजळी आणि पिवळटपणा बसलाय. कसं साफ करू?

सगळ्यात आधी मऊ ब्रशने कोरडी धूळ. मग कोमट पाण्यात सौम्य साबणाचे दोन-चार थेंब, कापसाचा बोळा जवळजवळ पिळून, छोटा भाग, लगेच कोरडं पुसणं. पाणी वाहू द्यायचं नाही कारण वार्निशला बारीक भेगा असतील तर आत शिरतं. सिगारेटचा आणि जुन्या वॅक्सचा पिवळटपणा साबणाने गेला नाही तर थोडं व्हाइट स्पिरिट (टर्पेंटाइनसारखं द्रावण), आधी कोपऱ्यात बघून. व्हिनेगर, लिंबू, बाथरूमचं लाइमस्केल रिमूव्हर, विटांचं ॲसिड, किचनची खरखरीत पावडर, स्टील वूल, यातलं काहीही नको.

चमक मंदावली असेल तर पुष्कळ जण गाडीचं रबिंग कंपाउंड वापरायला सांगतात. त्याने चमक येते हे खरंय, पण ते वरचा थर थोडा खाऊनच चमक आणतं, आणि जिथे वार्निश पातळ झालंय तिथे खालच्या शिरा पुसट होतात. मी म्हणेन की आधी नुसतं वॅक्स लावून बघा, बहुतेकदा तेवढं पुरतं. मायक्रोक्रिस्टलाइन वॅक्स घ्या, रेनेसान्स वॅक्स नावाने मिळतं ते मुळात ब्रिटिश म्युझियमच्या प्रयोगशाळेत १९५० च्या दशकात तयार झालं, अगदी थोडं लागतं, चिंधीवर वाटाण्याएवढं.

नक्षी उरलेलीच नाही, नुसता स्लेट आहे. तो छान कसा करायचा?

हेही काम मस्त होतं, उगाच खंत करू नका, उघडा वेल्श स्लेट स्वतःच देखणा दगड आहे. पेंटचा शेवटचा कण निघाला याची खात्री झाली की वॉटर पेपर घ्या. आधी २४० नंबर, मग ४००, मग ६००, हवं तर ८००. पाणी भरपूर, कागद लाकडाच्या ठोकळ्याला गुंडाळून, गोल गोल न घासता लांब सरळ हात. घासताना राखाडी चिखल तयार होतो, तो पुसून पुसून बघत राहा कारण चिखलाखाली ओरखडे लपतात, आणि दगड सुकल्यावरच खरं दिसतं, ओला असताना सगळंच सुंदर दिसतं. २४० चे ओरखडे पूर्ण गेल्याशिवाय ४०० कडे जायचं नाही, इथे घाई केली तर ती शेवटी पॉलिशमध्ये दिसते. कोपरे आणि कोरलेल्या रेषा यांना कागदाची घडी करून बोटाने. मशीन नको, कडा गोल होतात आणि या फायरप्लेसचा सगळा रुबाब त्या धारदार कडांमध्ये असतो.

एक-दोन दिवस पूर्ण सुकू द्या, मग फिनिश.

तेल लावू की वॅक्स?

तेल दगडात मुरतं, रंग गडद करतं आणि सहजासहजी निघत नाही. वॅक्स वर बसतं, कमी गडद करतं आणि व्हाइट स्पिरिटने काढता येतं. म्हणून माझं मत वॅक्स. अगदी काळाभोर लूक हवा असेल तर स्लेटसाठीचं तयार तेल मिळतं, पातळ हात द्या, वीस मिनिटांनी उरलेलं सगळं पुसून काढा. जवसाचं उकळलेलं तेल स्वस्त पडतं पण पिवळं पडतं आणि जास्त राहिलं तर चिकट होऊन धूळ धरतं.

जवसाचं तेल वापरलंच तर त्याच्या चिंध्या गोळा करून डस्टबिनमध्ये टाकू नका. तेल सुकताना उष्णता तयार होते आणि चोळामोळा केलेली चिंधी आपोआप पेटू शकते. बाहेर दोरीवर पसरून कडक होईपर्यंत वाळवा किंवा पाण्यात बुडवून बंद डब्यात ठेवा. आणि एनॅमल शिल्लक असलेल्या भागावर तेल कधीच नाही.

मूळची होती तशी काळी चकचकीत परत करता येईल का?

येईल. दगड ६०० पर्यंत घासून, भेगा लांबी (पुट्टी) भरून सपाट करून, त्यावर काळा रंग पातळ थरांत, प्रत्येक थर वॉटर पेपरने हलका घासून, शेवटी लॅकर आणि पॉलिश. हे काम धीराचं आहे आणि धूळ नसलेल्या जागेत करावं लागतं. संगमरवराच्या शिरा परत काढायच्या असतील तर ती वेगळी कला आहे, ब्रिटनमध्ये अजूनही हे करणारे डेकोरेटिव्ह पेंटर आहेत, त्यांना खिडक्या उघडताना काढलेले फोटो दाखवा म्हणजे मूळ रंगसंगती जुळवता येते. म्हणून म्हणतो, प्रत्येक पायरीचे फोटो काढा.

टवके उडालेत, एक खांब मधोमध तुटलाय. जोडता येतो?

स्लेट जोडायला तसा चांगला, कारण तुटलेल्या कडा एकमेकांत बरोबर बसतात. पण तो खारी बिस्किटासारखा पापुद्र्यांचा बनलेला असतो, म्हणून आधी सुटलेले पापुद्रे हलकेच तपासा, लोंबणारा पापुद्रा असेल तर तो आधी पातळ इपॉक्सी (दोन भाग मिसळून कडक होणारा गोंद) आत सोडून दाबून ठेवा. मग तुटलेल्या कडा ॲसिटोनने पुसून, इपॉक्सीत थोडा काळा-राखाडी पिगमेंट मिसळून जोड, बाहेर आलेला गोंद कडक व्हायच्या आत पुसून टाकायचा. लांब तुकडा असेल तर मागच्या बाजूने स्लेटची पट्टी चिकटवून आधार द्या, समोरून काही दिसत नाही. छोट्या टवक्यांना वॉटर पेपरने घासताना निघालेला चिखल वाळवून त्याची पूड इपॉक्सीत कालवा, तुमच्याच दगडाचा रंग असल्यामुळे डाग उठून दिसत नाही.

पण आगीच्या तोंडाशी असलेल्या जागी साधा इपॉक्सी नको, तो ६० अंशांच्या आसपास मऊ पडायला लागतो. तिथे उष्णता सहन करणारंच मटेरियल.

भिंतीवरून उतरवून काम करावं का?

हलत नसेल तर उतरवू नका. हलत असेल, वाकलं असेल, मागे पोकळ आवाज येत असेल तर उतरवणंच बरं. बांधणी साधी असते, लाद्या प्लास्टर ऑफ पॅरिसच्या गोळ्यांवर बसवलेल्या आणि वरती तारेने किंवा लोखंडी आकड्यांनी भिंतीला धरलेल्या. वरची लादी आधी, मग आडवी पट्टी, मग खांब. प्रत्येक तुकड्याच्या मागे खडूने नंबर. वजनाचा अंदाज सांगतो, दीड मीटर लांब, २० सेंटीमीटर रुंद आणि २५ मिलिमीटर जाड लादी साधारण २० किलो भरते, म्हणून दोन माणसं हवीतच. आणि स्लेट नेहमी उभा, कड खाली करून न्यायचा, आडवा धरला तर स्वतःच्याच वजनाने मधोमध तुटतो.

अजून एक, १९६०-७० च्या दशकात सेंट्रल हीटिंग आलं तेव्हा लोकांनी फायरप्लेसेस बोर्ड ठोकून बंद केल्या, आणि त्यातले काही बोर्ड ॲस्बेस्टॉसचे असतात. ब्रिटनमध्ये ॲस्बेस्टॉसवर पूर्ण बंदी १९९९ ला आली. बोर्ड राखाडी-पांढरा, तंतू असलेला वाटला तर तोडू नका, ड्रिल करू नका, आधी नमुना तपासून घ्या.

वरच्या लादीवर देव ठेवलेत. समईचं तेल, हळद-कुंकू सांडलं तर?

हा प्रश्न इंग्रजी गाइडमध्ये सापडणार नाही, पण आपल्याकडे घरोघरी आहे! वॅक्स न केलेल्या उघड्या स्लेटवर तेल सांडलं की गडद डाग पडतो आणि तो मुरतो. तर वॅक्स नियमित, वर्षातून दोनदा, गणपतीच्या आधी आणि पाडव्याला असं ठरवून टाका म्हणजे विसरत नाही. समईखाली ताम्हन किंवा पितळी ताट ठेवा. हळद ओली असतानाच पुसा. उदबत्तीची गरम राख एनॅमलवर पडली तर वार्निशला फोड येतो, म्हणून उदबत्तीचं घर रुंद घ्या. निरांजन थेट दगडावर नको, छोटा पाट चालेल. आणि खाली खरी आग पेटवत असाल तर त्या दिवशी फोटो आणि मूर्ती दुसरीकडे हलवा.

हा कडप्पासारखाच ना? मग तसंच घासून धुतलं तर?

दिसायला जवळ, पण वेगळा दगड. कडप्पा चुनखडीचा आहे, ओट्यावर लिंबू पडलं की पांढरा डाग पडतो तो त्यामुळेच. वेल्श स्लेट मातीच्या गाळापासून दाबाखाली तयार झालेला, ॲसिडला जास्त टिकतो. तरी ओट्यासारखं घासून धुऊ नका, दगड टिकेल पण वरचं फिनिश टिकणार नाही.

घरच्यांना पांढरीच हवी आहे. परत पेंट मारला तर पाप आहे का?

घर तुमचं आहे. फक्त खाली नक्षी सापडली असेल तर ती घासून खरबरीत करू नका. आधी पॅरालॉइड बी-७२ सारखं, म्युझियमवाले वापरतात ते ॲसिटोनने निघणारं वार्निश द्या आणि त्यावर पेंट. पुढे कधी कुणाला उघडायचं झालं तर वरचा पेंट नक्षीला धक्का न लावता निघायची शक्यता खूप वाढते. किंवा निदान एक पॅनल उघडं ठेवा, बघा मग बाकीच्याबद्दल मत बदलतंय का.

परमिशन लागते का?

लिस्टेड बिल्डिंग (वारसा म्हणून सरकारी यादीत असलेली इमारत) असेल तर हो, फायरप्लेसही लिस्टिंगमध्येच येते, आणि परवानगी न घेता काढणं किंवा बदलणं हा गुन्हा धरला जातो. नुसती साफसफाई असली तरी काउन्सिलच्या कॉन्झर्व्हेशन ऑफिसरला (जुन्या इमारतींचं काम बघणाऱ्या अधिकाऱ्याला) एक ईमेल टाका. लिस्टेड नसेल तर सहसा नाही. भाड्याचं घर असेल तर मालकाला विचारल्याशिवाय हात लावू नका.

सगळं झाल्यावर खरी आग पेटवता येईल?

चिमणी आधी स्वीपकडून (धुराडं साफ करणाऱ्याकडून) साफ आणि तपासून घ्या, वर्षानुवर्षं बंद असेल तर आत पक्ष्यांची घरटी आणि पडलेल्या विटा असतात. कार्बन मोनॉक्साइड अलार्म लावा. इंग्लंडच्या नियमांप्रमाणे उघड्या आगीसाठी खालचा बांधीव चौथरा (हार्थ) खांबांच्या पुढे किमान ५०० मिलिमीटर आणि दोन्ही बाजूंना १५० मिलिमीटर लागतो. खालची स्लेटची फरशी अखंड असेल तर उष्णतेने तडकते, म्हणून आगीखालची फरशी तुकड्यांत कापून मागे काँक्रीट भरलेली हवी. स्मोक कंट्रोल एरियात (धुरावर निर्बंध असलेल्या भागात) आहात का बघा, आणि इंग्लंडमध्ये पिशवीतला घरगुती कोळसा विकायला मे २०२१ पासून बंदी आहे, ओलं लाकूडही छोट्या प्रमाणात विकता येत नाही.

लोखंडी जाळीला काळं ग्रेट पॉलिश (ग्रेट म्हणजे शेगडीची जाळी) लावताना शेजारच्या स्लेटला आधी टेप लावा, ते पॉलिश स्लेटवर लागलं की हाताला आणि कपड्यांना काळं लागत राहतं.

एक ब्रॅकेट गायब आहे, तसाच दुसरा मिळेल का?

रेक्लमेशन यार्डमध्ये (जुन्या घरांतून काढलेलं सामान विकतात तिथे) फिरा, तिथे तुटक्या फायरप्लेसेसचे सुटे तुकडे ढिगाने पडलेले असतात आणि कारखान्यांची डिझाइन्स ठरलेली असल्यामुळे जुळणारा तुकडा मिळण्याची शक्यता चांगली असते. उरलेल्या ब्रॅकेटचं माप, बाजूचं आणि खालचं रेखाचित्र कागदावर काढून न्या, नुसत्या फोटोवर जुळत नाही. नाहीच मिळाला तर उरलेल्या ब्रॅकेटचा सिलिकॉन साचा करून रेझिनमध्ये ओतता येतो, स्लेटची पूड घातली आणि वर वॅक्स केलं की हात लावल्याशिवाय फरक कळत नाही.